स्मृती, उद्बोधक आणि एक मुका दूरध्वनी

न्यायदर्शनाने स्मृतीला ज्ञान मानले, परंतु प्रमेचा दर्जा तिला दिला नाही. पूर्वानुभवाचा संस्कार आत्म्यात सुप्त असतो, एखादा उद्बोधक त्याला जागवतो आणि मग स्मरण घडते, असे नैयायिकांचे प्रतिपादन आहे. न्यायसूत्रांत स्मृतीच्या निमित्तांची जी लांबलचक यादी येते तीत अभ्यास आहे, सादृश्य आहे, सुख-दुःख आहेत. तसेच भय आणि वियोगही आहेत. वृद्धांच्या हाती जुन्या काळातील वस्तू देऊन त्यांना बोलते करण्याची जी पद्धत पाश्चात्त्य देशांतील वृद्धनिवासांत रूढ झाली आणि आता आपल्याकडेही येऊ पाहते आहे, तिचे सारे तत्त्व ‘उद्बोधक’ या एका शब्दात सामावलेले आहे. मात्र या पद्धतीच्या यादीत सुख तेवढे ठळक असते. भय आणि वियोग बहुधा गाळलेले असतात.

मुळात तसे नव्हते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये वृद्धांच्या आठवणींना आयुष्याच्या आढाव्याचे नाव दिले, तेव्हा भूतकाळात रमणे हे क्षीणतेचे लक्षण समजले जात होते. बटलर यांच्या विवेचनात या आढाव्यात पश्चात्तापाला आणि अपराधभावनेलाही जागा होती. पुढे त्याचा उपक्रम झाला. छायाचित्रे, गाणी, भांडी आली आणि त्यांत काळा, तबकडीचा दूरध्वनी विशेष लोकप्रिय ठरला. स्मृतिभ्रंशावरील अशा उपक्रमांचा 2018 मध्ये जो व्यापक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात परिणाम लहान आणि विसंगत आढळले. तेव्हा औषध म्हणून त्याची महती गाण्याचे कारण नाही. उरतो तो नैतिक प्रश्न.

हा प्रश्न भिलाईत उभा करून पाहावा. सोव्हिएत सहकार्याचा करार 1955 मध्ये झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. पुढे तो मध्य प्रदेशात आणि 2000 मध्ये छत्तीसगडात गेला. पण विदर्भातून पोलाद कारखान्यात आलेल्या मराठी कुटुंबांचे ‘घर’ नागपूर, वर्धा, भंडारा याच बाजूला राहिले. प्रांत बदलले म्हणून आईवडील बदलत नाहीत. या कुटुंबांपैकी बहुतेकांच्या क्वार्टरमध्ये पहिली कित्येक वर्षे फोन नव्हता. तो कारखान्यात होता, साहेबांच्या बंगल्यात होता. पत्राच्या डोक्यावर आपला पत्ता आणि खाली शेजाऱ्यांचा नंबर, त्यापुढे ‘पी.पी.’ ही दोन अक्षरे, अशी त्या काळची रीत होती. ज्याच्या घरी फोन असे तो तबकडीला छोटे कुलूप लावून ठेवी आणि तरीही रात्री-अपरात्री चार घरे ओलांडून निरोप द्यायला जाई. कंजुषी आणि औदार्य यांचा असा शेजार दुसऱ्या कोणत्या वस्तूत क्वचितच सापडेल.

आणि तो निरोप काय असे? ट्रंक कॉल नोंदवायचा, तासन् तास वाट पाहायची, तातडीचा असेल तर अधिक पैसे मोजायचे आणि मग तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने ओरडून बोलायचे. एवढा खटाटोप कुशल विचारण्यासाठी कोण करील? आजारपण, अपघात, मृत्यू यांसाठीच तो होई. ‘घरून ट्रंक आलाय’ हे शब्द ऐकून पिठाच्या हातांनी धावणाऱ्या गृहिणीच्या मनात त्या घंटीचा जो संस्कार झाला, तो रंजनाचा नव्हे. तिच्यासमोर आज काळा फोन ठेवून ‘आजी, कित्ती छान ना!’ असे म्हटले आणि ती गप्प झाली, तर उपक्रम फसला अशी नोंद होईल. वस्तुतः तिला नेमके स्मरण झाले आहे. मराठीत स्मरण आणि स्मरणरंजन हे दोन वेगळे शब्द आहेत, याचे भान येथे उपयोगी पडावे.

याहून अवघड प्रसंग पुढचा. जिची काळाची जाणीव विस्कटली आहे अशी वृद्धा रिसीव्हर उचलते, छिद्रांत बोट घालून नागपूरचा नंबर फिरवते, तबकडी घरघरत परत येते आणि ती कान देऊन आईची वाट पाहते. तार कुठेच जोडलेली नाही. परिचारिकेने पलीकडच्या खोलीतून ‘बोल, बाळ’ म्हणावे काय? यात कुणाचा तोटा आहे, असे विचारणारे निर्दय नसतात. शोकाचा तोच घाव रोज नव्याने घालणे हे सत्यनिष्ठेचे रूप नव्हे, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. युधिष्ठिराने अर्धसत्य उच्चारले ते युद्ध जिंकण्यासाठी. येथे तर जिंकायचे काहीच नाही, असा युक्तिवाद होऊ शकेल. पण तो पूर्ण खरा नाही. खोली शांत राहते, पाळी निर्वेध पार पडते, हा लाभ आहेच, आणि तो ऐकणाऱ्या वृद्धेचा नसून सांगणाऱ्याचा आहे. शिवाय आईचा आवाज उसना देणे म्हणजे त्या स्मृतीतील सर्वांत खाजगी जागेवर परक्याने बसणे होय.

परिचारिकेला एक जागा मात्र न्याय्यपणे घेता येते: ट्रंक एक्स्चेंजमधील ऑपरेटरची. ‘लाइन मिळत नाही’ हे वाक्य असत्य नाही. त्या पिढीने ते शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते ऐकून वाट पाहण्याची तिला सवय आहे. हेही अर्धसत्यच, असा आक्षेप घेता येईल आणि तो मान्यही करावा लागेल. परंतु या अर्धसत्याने संभाषण संपत नाही. ‘काय सांगायचे होते?’ असे विचारायला वाव राहतो, आणि वृद्धा जे सांगू लागेल ते तिचे स्वतःचे असेल.

अडचण एवढीच, की स्मृतिभ्रंशात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी विरते. भिलाईतील परिचारिका हा प्रश्न हिंदीत किंवा छत्तीसगडीत विचारील आणि उत्तर वऱ्हाडी वळणाच्या मराठीत येईल. नातवंडांनाही ते पुरते कळेल असे नाही. ते समजून घेण्यासाठी शेजारच्या क्वार्टरमध्ये कुणाला तरी निरोप धाडावा लागेल, ‘पी.पी.’ नंबरावर आलेल्या फोनसाठी धाडीत तसाच.