अनुकरण की नक्कल?



थोरांच्या चित्राची प्रत करून शिकणे ही चोरी आहे काय? पन्नाशी ओलांडलेल्या रूबेन्सने १६२८-२९ मध्ये माद्रिदला टिशियनच्या ‘आदाम आणि एवा’ची प्रत केली, त्यात पोपट मात्र स्वतःचा घातला. प्रत करणे ही नम्रता. ती आपली म्हणून मिरविणे ही चोरी. संत पौलही ख्रिस्ताचे अनुकरण करायलाच सांगतो.

तैलरंगातील व्यक्तिचित्रात आधी छाया-प्रकाश मांडतात. डोळ्यांतील चमक शेवटी येते. गगनबावड्याच्या पावसाळ्यात तर एकेक थर वाळायला दिवस लागतात. आपण मात्र भक्तीची चमक आधी लावतो आणि क्षमेचा थर राहून जातो. ती झाली नक्कल. या आठवड्यात, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यापासून सुरुवात करू या.