आवडणे आणि रुचणे

'आवडणे' आणि 'रुचणे' ही दोन क्रियापदे मराठीत इतकी शेजारी नांदतात की, त्यांच्यातला बांध सहसा ध्यानी येत नाही. लोणचे आवडते, तसे ते रुचतेही. परंतु वाक्य नकारार्थी होताच बांध उघडा पडतो. 'मला कारले आवडत नाही' ही जिभेची तक्रार झाली. 'त्यांचे बोलणे मला रुचले नाही' असे म्हणताना मात्र आपण निवाडा करीत असतो. आवडीला कारण द्यावे लागत नाही. रुचण्याच्या पाठीशी विवेक उभा असतो.

संस्कृतातील 'रुच्' धातूचा अर्थ प्रकाशणे असाही आहे. जे रुचते, ते उजेडात पाहिलेले असते, असे आम्ही समजतो. यावर कोणी संतांची साक्ष काढील. इंद्रायणीकाठची देहू-आळंदी आमच्या कुरुळीपासून दूर नाही आणि तिथल्या वाणीत 'आवडी' म्हणजे भक्तीचे उत्कट प्रेम. खरे आहे, तो शब्द तेव्हा उंचावर होता, आज जिभेवर उतरला आहे.

चाकणच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आम्हांला हा भेद रविवारच्या जादा पाळीत भेटतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने जादा कामाला दुप्पट दर ठरवला. त्याच कायद्याने आठवड्याची सुट्टीही ठरवली. दुप्पट पैसे कोणाला आवडणार नाहीत? घराचा हप्ता असतो, मुलांची फी असते. तरी रविवारची मिस्सा चुकते, मुले बापाला झोपलेलाच पाहतात आणि वाढीव पगार हाती येऊनही मनाला काही रुचत नाही. जादा पाळी करणारा चुकतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरी आई अंथरुणाला खिळली आहे, त्याला ती पाळी आवडत नसेल, पण रुचते. तो कुरकुरत उठतो आणि राजीखुशीने जातो.

उलट, मिळालेली सुट्टी दिवसभर मोबाइलवर घालवली, तर ती आवडली एवढेच. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीची बाजू मांडली, तेव्हा विश्रांती म्हणजे आळस नव्हे, हेही बजावले होते.

पाळीसाठी नाव देताना 'मला हे आवडते का?' एवढेच विचारायचे असेल, तर उत्तर एकट्याला देता येते. 'हे रुचते का?' असे विचारले की पत्नीलाही विचारावे लागते, आणि बहुधा मुलांनाही.