दान, हिशेब आणि हक्क

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्राला, परतफेडीची आशा न धरता दिलेले दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले राजस. अवहेलनेने, अपात्री दिलेले तामस. स्त्रिया आणि मुलींसाठी राबणाऱ्या संस्थांना आज मिळणाऱ्या अनुदानाला अटी असतात, हप्ते असतात, वर्षअखेरचा अहवालही असतो. मग ही सगळी मदत राजसच म्हणायची काय? तसे म्हणता येणार नाही. देणारा बहुधा लोकांच्या वर्गणीचा विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताने हिशेब मागणे हा लोभ नव्हे, त्याचे कर्तव्यच आहे. मात्र पैशाच्या हिशेबाआडून घेणारीच्या मनावर हक्क सांगितला गेला, तर दानाची जात बदलते.

पंडिता रमाबाईंनी विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदा सदनाने ही सीमारेषा स्पष्ट दाखवली. १८८९मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलेल्या या सदनाचा खर्च बॉस्टनची रमाबाई असोसिएशन उचलत होती. सदनात धर्मप्रचार करायचा नाही, असे ठरले होते. काही मुली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला. १८९३मध्ये सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वास मोडल्याची त्यांची तक्रार निराधार नव्हती. पण त्या गदारोळात मुलींना काय हवे आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

यावर कोणी म्हणेल, फळ पाहायचेच नाही तर पात्र कसे ओळखायचे? काम पाहून ओळखावे : शिकवले जाते का, मुली सुरक्षित आहेत का, पैसा त्यांच्यापर्यंत पोचतो का. त्यापुढचे फळ देणाऱ्याच्या हिशेबात मावत नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला; कर्व्यांनी १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि त्यासाठी ती स्वतः वर्गणी मागत फिरली. घेणारी मागणारी झाली, तीही दुसऱ्यांसाठी. पहिल्या वर्षाच्या कोणत्या अहवालात हे लिहिता आले असते? बॉस्टनकरांनी सदनाला दहा वर्षांची हमी दिली होती. आजच्या दात्यांनी हिशेब जरूर दरवर्षी घ्यावा, पण शब्द मात्र दहा वर्षांचा द्यावा.