स्वधर्म आणि बॉम्ब



बॉम्ब टाकणारा गुन्हेगार की बनवणारा? हा सवाल निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, शास्त्रज्ञानं शोध लावला, वापर पुढाऱ्यांनी केला. मला हे उत्तर मान्य नाही. कारण ते आपल्या फार ओळखीचं आहे. ज्यानं त्यानं नेमून दिलेलं काम करावं, फळाचा विचार करू नये! याच शिकवणीनं आपल्या बापजाद्यांच्या हातात झाडू दिला, खांद्यावर मेलेलं ढोर दिलं.

ओपेनहायमरचंच घ्या. अमेरिकेत लॉस अलामॉसला बॉम्ब तयार झाला, त्या प्रयोगशाळेचा हा प्रमुख. बर्कलेला प्राध्यापक असताना संस्कृत शिकला, गीता मुळातून वाचली. १६ जून १९४५ ला त्यानं आणि फर्मी, लॉरेन्स, कॉम्प्टन या तिघांनी सरकारला लिहून दिलं, की बॉम्ब लढाईत थेट वापरण्यावाचून दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही. महिन्याभरानं वाळवंटात चाचणी झाली. ६ ऑगस्टला हिरोशिमा, ९ ला नागासाकी. वर्ष सरेपर्यंत दोन्ही शहरांत मिळून सुमारे दोन लाख माणसं मेली. १९६५ साली टेलिव्हिजनवर तो सांगतो, चाचणीच्या वेळी मला गीता आठवली. आठवणारच! अर्जुनाला लढायला उभं करणारा तो प्रसंग. आत्मा मरत नाही म्हणून मारण्यात पाप नाही, या युक्तिवादाची बाबासाहेबांनी केव्हाच चिरफाड केलीय. हिरोशिमात आत्मे जळले नाहीत. घरं पाडायच्या कामाला जुंपलेली शाळकरी पोरं जळली.

त्याच लॉस अलामॉसला दुसरा एक भौतिकशास्त्रज्ञ होता. जोसेफ रॉटब्लाट, पोलंडचा ज्यू. १९३९ साली तो इंग्लंडला आला. बायको आजारपणामुळं वॉर्सात अडकली आणि पुढं नाझींच्या हातून मेली. हिटलरनं बॉम्ब केला तर त्याला धाक म्हणून आपल्याकडंही हवा, एवढ्यासाठीच हा कामाला लागला. १९४४ च्या अखेरीस कळलं, जर्मनी काही बॉम्ब करत नाही. त्यानं काम सोडलं. त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला. पुढं त्यानं आपलं शास्त्र वैद्यकाकडं वळवलं, जन्मभर अण्वस्त्रांविरुद्ध लढला. १९९५ साली त्याला शांततेचं नोबेल मिळालं.

आपल्यातले काहीजण म्हणतात, ज्याच्यावर जुलूम झाला त्याला कुठलंही हत्यार चालतं. मग रॉटब्लाटएवढा हक्क कुणाचा होता? संताप त्याच्यातही होता. पण हिटलरचा हिशोब भलत्याच्याच लेकरांकडून वसूल करायला तो तयार नव्हता. संताप कुणाच्या कामाला जुंपला जातोय, हे त्यानं स्वतः तपासलं.

दुसरे म्हणतात, एकट्यानं सोडून काय झालं? बॉम्ब तर पडलाच. खरंय, पडला. पण रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायचं ठरलं तेव्हा शाक्य संघात सिद्धार्थही बहुमतापुढं हरलाच होता. तरी म्हणाला, मी लढणार नाही. आणि घर सोडलं. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला बुद्ध हा असा आहे. ठराव हरला म्हणून नकार खोटा ठरत नाही.

आणि त्याच बुद्धाचं नाव कशाला दिलं गेलं? १८ मे १९७४ ला पोखरणला झालेला स्फोट ‘स्मायलिंग बुद्धा’ म्हणून ओळखला जातो. सरकार म्हणालं, शांततेसाठी. त्या कामाचे म्होरके राजा रामण्णा यांनी १९९७ साली सांगून टाकलं, तो बॉम्बच होता. पुढच्याच वर्षी ११ मेला, ऐन बुद्धपौर्णिमेला, पुन्हा स्फोट केले. युद्धाला नकार देऊन घराबाहेर पडलेल्या माणसाचं नाव बॉम्बला! याच्यापेक्षा मोठी चोरी कुठली?

आपली पोरं शिकून प्रयोगशाळेत जातायत. जायलाच हवं. ती दारं कुणी फुकट उघडलेली नाहीत. पण आत गेल्यावर कुणी म्हणालं, तू फक्त तुझं काम कर, तर ओळखा. हा आवाज हजारो वर्षं जुना आहे.