सर्वांच्या झाडाचें फळ कोणाचें?

शहरांतील एका रस्त्याच्या कडेला एक फळझाड आहे, अशी कल्पना करा. जागा नगरपालिकेची, रोप दुसऱ्याच कोणीं तरी लावलेलें. परंतु समोरच्या घरांतील एका मनुष्यानें तीन उन्हाळे त्याला घरची घागर ओतली, गुरांपासून त्याचें रक्षण केलें, आणि मग त्याला फळें लागलीं. एके सकाळीं तो पाहतो तों झाड रिकामें! रात्रीं कोणीं तरी पिशव्या भरून सर्व फळें नेलीं. आतां, ह्या मनुष्यास रागावण्याचा हक्क आहे काय? आणि फळें नेणारा चोर ठरतो काय? झाड दोघांपैकीं एकाच्याही मालकीचें नाहीं, एवढें म्हटल्यानें मनाचें समाधान होत नाहीं.

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. अमेरिकेच्या वायव्य भागांतील सिअ‍ॅटल शहरांत बीकन हिल नांवाची वस्ती आहे. तेथें एका उद्यानालगत नगराच्या पाणीखात्याची सुमारें ७ एकर जागा होती. येथें नुसतें गवत वाढण्यापेक्षां फळझाडें कां वाढूं नयेत, असा विचार २००९ सालीं कांहीं लोकांच्या मनांत आला. त्यांनीं शेजाऱ्यांचें मत घेतलें, नगराची संमति मिळविली, आणि २०१२ सालीं कामास आरंभ केला. आज तेथें सफरचंद, नासपती, अलुबुखार, अंजीर अशीं झाडें आहेत. शेजारी लोक ठरलेल्या दिवशीं जमून खणतात, छाटतात, पाणी घालतात. फळ तोडण्यास मात्र कोणासही मज्जाव नाहीं. जो तेथें राबला तो, आणि जो केवळ त्या वाटेनें चालला तोही, हात पुढें करूं शकतो.

हें ऐकून व्यवहारी मनुष्य म्हणेल, "जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं. घेणारे शंभर, राखणारा एकही नाहीं." ह्या बोलण्यांत पुष्कळ सत्य आहे, तें नाकारूं नये. शहरांतल्या झाडाची स्थिति रानांतल्या झाडासारखी नसते. मुळांभोंवतीं फरशी व डांबर. माती पायांनीं व गाड्यांनीं दाबून टणक झालेली. पावसाचें पाणी गटारांत वाहून जाणारें. पहिलीं दोनतीन वर्षें उन्हाळ्यांत कोणीं पाणी घातलें नाहीं, तर पुष्कळ रोपें जगतच नाहींत. आळें करावें लागतें. पालापाचोळा पसरावा लागतो, पण तो बुंध्याला चिकटूं द्यावयाचा नाहीं, कारण ओलीनें साल कुजते. आधाराच्या काठीची दोरी वेळेवर सैल केली नाहीं, तर ती सालींत रुतते. फळझाडाचें तर आणखी एक काम असतें: पडलेलें फळ रोज उचलणें. तें न उचलल्यास माश्या व उंदीर येतात, लोक तक्रार करितात, आणि शेवटीं दोष झाडावर येऊन कुऱ्हाडही त्याच्यावरच पडते.

म्हणून फिलाडेल्फिया शहरांत २००७ सालापासून ओसाड जागांवर फळबागा लावण्यास साहाय्य करणारी जी संस्था आहे, ती रोपें देते व निगा शिकविते, परंतु बाग त्या त्या वस्तींतील मंडळीच्याच हातीं ठेविते. ज्यांच्या दारांत झाड आहे त्यांनीं तें आपलें मानलें नाहीं, तर बाहेरचा कोणीही तें जगवूं शकत नाहीं.

येथेंच खरी अडचण आहे. झाड आपलें मानल्यावांचून कोणी घागर उचलीत नाहीं. आणि आपलें मानलें कीं फळही आपलें वाटूं लागतें. श्रम करणाऱ्यास पहिला वांटा मिळावा, हें न्यायाचें दिसतें. परंतु हा न्याय पुढें चालवून पाहा. कोण किती राबला ह्याची यादी लागेल. यादीसाठीं फाटक व फाटकासाठीं कुलूप लागेल. जिच्यानें घागर उचलवत नाहीं ती म्हातारी, लहान मूल, वाटसरू, हे सर्व बाहेर राहतील. झाड जगेल, पण तें सर्वांचें राहणार नाहीं.

माझ्या मतें, निगा राखणाऱ्याचा फळावर अधिक हक्क नाहीं. परंतु झाडाविषयीं बोलण्याचा हक्क त्याला अधिक आहे. फळ कधीं पिकतें, किती घ्यावें, फांदी कां मोडूं नये, हें सांगण्याचा अधिकार त्यानें श्रमानें मिळविला आहे. आणि घेणाऱ्यालाही मर्यादा आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांतील नियम आपणांस ठाऊक आहे: शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यांत पोटभर खाण्यास मोकळीक होती, भांड्यांत भरून नेण्यास नव्हती. तेथें तर मळ्याला मालक होता. जेथें मालकच नाहीं तेथें ही मर्यादा घेणाऱ्यानें स्वतःच पाळावयाची आहे. ज्यानें सर्व फळें नेलीं, त्यानें पाणी घालणाऱ्याचें कांहीं चोरलें असें नव्हे. आपल्यामागून येणाऱ्यांचें नेलें. तो भुकेला असेल, तर झाडानें आपलें काम केलें. त्यानें तीं बाजारांत विकलीं असतील, तर सर्वांच्या वस्तूवर त्यानें आपलें दुकान मांडलें. ह्यांपैकीं काय झालें हें विचारल्यावांचून कळत नाहीं, आणि कुलूप कोणाला कांहीं विचारीत नाहीं.

वाचकहो, आपल्या गांवींही चावडीपुढची चिंच, शाळेच्या आवारांतला आंबा, ओढ्याकांठचें जांभूळ आहेच. आणि आपल्यांतील पुष्कळांचीं मुलें पुण्यामुंबईस राहतात. आपल्या प्रांतांत नागरी झाडांच्या रक्षणासाठीं १९७५ चा कायदा आहे. त्याप्रमाणें परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. कायदा कुऱ्हाड अडवील. तो पाणी घालणार नाहीं.

आरंभीं सांगितलेल्या मनुष्यानें मग काय करावें? त्याला वाईट वाटेल, आणि तें वाटणें चुकीचें नाहीं. परंतु सायंकाळीं त्यानें पुन्हां घागर घेऊन जावें. शेजाऱ्यांस बोलवावें, फळें उतरविण्याचा एक दिवस ठरवावा, आणि शक्य तर जवळच दुसरें रोप लावावें. फळें कोणीं नेलीं हें कळल्यास त्याच्या दारीं जाऊन भांडूं नये. पुढच्या उन्हाळ्यांत आठवड्याचा एक दिवस पाणी घालण्याचें काम त्याच्याकडे द्यावें.