गाडी मागच्या सीटवरून बघ

कराड

चि. सौ. भाचीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, बाळ येणार म्हणून गाडी घेतोय. पाडव्याला घरी आणायची आहे. कुठली घेऊ?" मी दोन-तीन नावं सांगितली, तूही लिहून घेतलीस. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा वाटलं, पस्तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने आपल्या भाचीला असं पानावर वाढून मोकळं व्हायला नको होतं. म्हणून हे पत्र. सवडीने वाच आणि जावईबापूंनाही वाचायला दे.

तुझ्या डाव्या भुवईत एक बारीक रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. लहानपणी पडलीस, एवढंच तुला सांगितलंय. ते पडणं माझ्या गाडीतलं आहे. 1996 साल. तू तीन महिन्यांची. बाळंतपण उरकून ताईला पुण्याला सोडायला मी निघालो होतो. ताई मागे बसलेली, तू तिच्या मांडीवर. अंगात झबलं, डोक्याला टोपडं, वरून दुपटं, गालाला तीट. संध्याकाळ उतरत होती. उंब्रजच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मी ब्रेक मारला. गाडी ट्रॉलीला टेकलीसुद्धा नाही, वेगही चाळीसच्या आत असेल. पण तू ताईच्या हातून सुटलीस, पुढच्या सीटच्या लोखंडी पट्टीवर आपटलीस आणि खाली पायांशी गेलीस. तीन टाके पडले. ताईने तुला सैल धरलं नव्हतं गं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती स्वतःच्या हातांकडे बघून रडायची. तिच्या हातांचा काय दोष? गाडीला मागे पट्टे नव्हते, तेव्हा बहुतेक गाड्यांना नसत, आणि बाळाची वेगळी सीट असते हे आमच्यातल्या कुणाच्या कानावरूनही गेलं नव्हतं.

आता हिशोब बघ. गाडी ताशी पन्नासच्या वेगात आहे आणि कशाला तरी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. तेवढ्या वेळात पाच किलोचं बाळ सत्तर किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. जवळपास दीड पोतं सिमेंट. कुठल्याही आईच्या, आजीच्या, पैलवानाच्या हातात तेवढी पकड नसते. म्हणून पहिली गोष्ट ही पक्की धर: गाडीत बाळाची जागा मांडीवर नाही, तिच्या स्वतःच्या सीटमध्ये आहे. (मी मनातल्या मनात मुलगीच धरून चाललोय, मुलगा झाला तरी तेवढाच आनंद.) दुसरी गोष्ट हिच्यातूनच निघते. बाळाची सीट आधी ठरव आणि ती जिच्यात नीट बसेल ती गाडी घे. लोक नेमकं उलटं करतात. बॉनेट बघतात, सनरूफ बघतात, पुढे बसून स्टेअरिंग फिरवतात, आणि मागची सीट सजावटीच्या दुकानात कव्हर घालताना पहिल्यांदा नीट पाहतात.

तान्ह्या बाळाची सीट गाडीच्या तोंडाकडे पाठ करून लावतात. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं, लांबीच्या पावपट असतं, आणि मान अजून धरलेली नसते. समोर तोंड करून बसवलं तर दणक्यात धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा झटका त्या एवढ्याशा मानेवर येतो. पाठ करून बसवलं की तोच झटका पाठभर पसरतो. युरोपातल्या आर 129 या नियमात पंधरा महिन्यांपर्यंत तरी असंच बसवणं सक्तीचं आहे. सीट घेताना तिच्यावर नारिंगी लेबल आणि वर्तुळातलं ई हे अक्षर आहे का ते बघ. कुणी वापरलेली सीट प्रेमाने देऊ केली तर ती कधी अपघातात सापडली होती का हे विचार. खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर नको म्हण. आणि पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग चालू असताना, अशी सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडते ती बाळाच्या पाठीमागच्या कवचावर येऊन आदळते.

सीट गाडीला अडकवायची उत्तम सोय म्हणजे आयसोफिक्स. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे बोटं घाल. लोखंडाच्या दोन कड्या हाताला लागल्या पाहिजेत. बाळाच्या सीटचे दोन दांडे त्यांत खटकन बसतात. वर एक पट्टा किंवा खाली एक पाय असतो, सीट कलंडू नये म्हणून. शोरूममध्ये "आहे आहे, सगळ्याला आहे" असं सांगतील. तू स्वतः बोटं घालून बघ. पट्ट्याने बांधायच्या सीटही चांगल्या असतात, पण त्या सैल राहतात. गॅरेजमध्ये आलेल्या अशा सीट मी हाताने हलवून बघायचो, बहुतेक गदागदा हलायच्या.

माझं ऐकशील तर सीट आधी विकत घे आणि ती घेऊनच शोरूमच्या पायऱ्या चढ. मागे लावायला सांग. मग जावईबापूंना पुढच्या सीटवर बसव. ते उंच आहेत. पाठ करून लावलेली सीट लांबीला बरीच जागा खाते, पुढची सीट सरकवावी लागते, आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. टेकले तर ती गाडी तुमची नाही, कितीही आवडली असली तरी. मग दार पूर्ण उघड आणि सीटमध्ये चार-पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून उचल. सिझेरियन झालं, देव न करो, पण झालंच, तर टाके ओले असताना हे वाकणं-उचलणं तुलाच करायचं आहे. दार अरुंद उघडतं का, छत डोक्याला लागतं का, उंबरठा उंच आहे का, सगळं तिथेच कळेल. ताईलाही बरोबर ने. बाळाशेजारी तीच बसणार. साडी नेसून, दुखऱ्या गुडघ्याने तिला चढता-उतरता आलं पाहिजे. बसायची जागा तिच्या कंबरेच्या उंचीला आली की ती सुखाने बसेल. फार उंच गाडीत तिला ओढून घ्यावं लागेल आणि फार ठेंगणीतून हात देऊन उठवावं लागेल.

आता तारांकनाबद्दल. 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच खपाच्या छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. मी तेव्हा गॅरेजमध्ये रोज त्याच गाड्यांचे पत्रे सरळ करत होतो, मला नवल वाटलं नाही. तिथून आपण बरंच पुढे आलो. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरून आपटतात, बाजूने 50 ने धडक देतात. आत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे त्यांच्या सीटमध्ये बसवलेले असतात. मोठ्यांचे गुण 32 पैकी, मुलांचे 49 पैकी. तुला बघायचे आहेत ते 49 पैकीचे. जाहिरातीत पाच तारे मोठ्या अक्षरात असतात, ते कुणाचे हे विचार. 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत टाटा नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. आम्हा गॅरेजवाल्यांना अभिमान वाटला, पण ते तारे मोठ्यांचे होते. मुलांसाठी त्याच गाडीला तेव्हा तीन होते. 2024 मध्ये पुन्हा चाचणी झाली तेव्हा दोन्हीकडे पाच आले. विचारणारे वाढले की कंपन्या सुधारतात.

पैशाचं बोलू. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाड्यांवर 40. त्यामुळे तुमच्या बजेटात बहुतेक चार मीटरच्या आतलीच गाडी बसेल, आणि ती पुरते. मात्र ही लांबी बऱ्याचदा डिकीतून कापलेली असते. बाबागाडी घडी घालून डिकीत ठेवून बघ. तिच्यासोबत कराडला येतानाची एक मोठी बॅग मावायला हवी. सीएनजी घेणार असाल तर टाकी कुठे आहे ते वाकून बघ. काही गाड्यांत आता एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी देतात, वर जागा मोकळी राहते. टॉप मॉडेलच्या मागे लागू नका. खालच्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग, घसरताना गाडी सावरणारी ईएससी आणि मागच्या मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पट्टा असेल, तर तेच घ्या. सनरूफच्या पैशांत बाळाच्या दोन उत्तम सीट येतात.

जुनी घ्यायची वेळ आली तर लाज बाळगू नकोस, जुनी चांगली गाडी नव्या फुसक्या गाडीपेक्षा बरी. फक्त तीन गोष्टी बघायच्या. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो काढून ठेवलाय. पट्टा पूर्ण बाहेर ओढ, बुडाशी कापडी लेबलवर तारीख असते. ती गाडीच्या सालाशी जुळत नसेल तर पट्टा बदललाय, म्हणजे बहुधा अपघात झालाय. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. बाकी इंजिन मी बघीन.

गाडी आली की सजावटीच्या दुकानात पळू नका. झाकून टाकणाऱ्या रेक्झिनच्या कव्हरांनी मी किती गाड्यांच्या आयसोफिक्सच्या कड्या गडप झालेल्या पाहिल्या. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तीही त्या शिवणीत अडकते. आणि गणपतीबाप्पा डॅशबोर्डवर डाव्या बाजूला चिकटवू नका. तिथे झाकणाखाली एअरबॅग आहे, ती उघडली की मूर्ती थेट समोरच्याच्या तोंडावर येते. हे मी भक्तीनेच सांगतोय. बाप्पाची छोटी तसबीर त्या झाकणापासून दूर, सपाट चिकटवा.

बाळ सीटमध्ये बसवताना दुपट्यात गुंडाळून पट्टे लावायचे नाहीत. दुपटं दबतं, पट्टा सैल पडतो आणि दणक्यात बाळ निसटतं. पातळ झबल्यावर पट्टे ओढून घे. खांद्याजवळ चिमटीत पट्टा धरता येत नाही इतका घट्ट. मग वरून दुपटं पांघर. हनुवटी छातीवर टेकत नाही ना, हे दर थोड्या वेळाने ताईला बघायला सांग. टेकली तर एवढ्याशा बाळाचा श्वास अडतो. पुणे-कराड तीन तासांचा रस्ता, दीड तासाने थांबा, बाळाला बाहेर काढून मांडीवर घ्या, पाजा. मांडी तिथे आहेच.

ताई म्हणेल, "एवढंसं लेकरू, त्याला पट्ट्यांत बांधायचं?" शेजारीपाजारीही म्हणतील. रडेलही बाळ, पहिले काही दिवस. रडू दे, पण बाहेर काढू नका. 2019 पासून कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याची सीट लावणं सक्तीचं आहे, नाहीतर हजार रुपये दंड. दंडाची मला फिकीर नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमधल्या चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. इतक्या भारी गाडीत हे झालं. मागे बसलं की सुरक्षित, ही आपल्या सगळ्यांची समजूत त्या दिवशी मोडायला हवी होती.

आणि तू स्वतः. पोटावर पट्टा नको म्हणून तू आता लावत नाहीस, असं ताई म्हणाली. लाव. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, ओटीच्या हाडांवर येऊ दे. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने. पोटावर आडवा कधीच नको. बाळाची पहिली सीट सध्या तूच आहेस.

पाडव्याचा मुहूर्त चुकला तरी चालेल. त्या दिवशी शोरूममध्ये हारांची आणि पेढ्यांची इतकी घाई असते की सीट लावून बघायला कुणी उसंत देत नाही. चार दिवस आधी, नाहीतर चार दिवस नंतर घ्या. तू डोहाळजेवणानंतर कराडला येशील, तेव्हा गाडी पुण्यातच राहू दे. सव्वा महिन्यानंतर बाळाला घेऊन परत जाताना मी खंबाटकीचा घाट ओलांडून पुण्यापर्यंत तुमच्याबरोबर येणार आहे.

बाळंतविड्यात मामाकडून काय, असं ताई विचारत होती. कुंची आणि झबली मामी शिवतेय. सीट माझ्याकडून. रविवारी पुण्याला येतो, आपण दोघं जाऊन घेऊ. तोपर्यंत कुठल्याच गाडीला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
मामा