‘सुमारें’ या शब्दाची नीति

जुनी वस्तु हातीं आली म्हणजे मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, ही किती वर्षांची? आणि या प्रश्नाचें उत्तर देतांना आपण सारेच मोठे उदार होतों. ‘शंभर वर्षें तर सहज झालीं असतील,’ असें घरचा वडील मनुष्य सांगतो. ऐकणारा मान डोलावतो. आणि दोघांपैकीं कोणासहि आपण सत्याला कांहीं धक्का लावला असें वाटत नाहीं. वस्तूचें वय पुराव्यापेक्षां वाढवून सांगणें हें असत्य आहे कीं निरुपद्रवी कौतुक, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी त्याचा निकाल लावणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

याचें एक चांगलें उदाहरण मासे धरण्याच्या जुन्या बांबूच्या काठ्यांचें आहे. पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर अलगद टाकून मासा गळाला लावण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेंत मोठा. त्यासाठीं लागणारी काठी अखंड बांबूची नसते. बांबू उभा चिरून त्याच्या निमुळत्या, तीनधारी पट्ट्या काढावयाच्या आणि सहसा अशा सहा पट्ट्या सरसानें जोडून षट्कोनी काठी सिद्ध करावयाची, अशी ही कारागिरी आहे. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ईस्टन गांवच्या सॅम्युएल फिलिप नांवाच्या बंदूक-कारागिरानें तिचा पाया घातला. आरंभीं या कामाला आपल्याच देशांतून जाणारा बांबू वापरीत, आणि त्याला ‘कलकत्ता बांबू’ असें म्हणत. पुढें त्याची जागा चीनमधील ‘टाँकिन’ बांबूनें घेतली. आपल्याकडचा बांबू परदेशीं गेला आणि तयार काठ्या साहेबांच्या सामानांतून इकडे आल्या. महाशीर माशाच्या शिकारीचे धडे देणारें एच. एस. टॉमस यांचें ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक १८७३ सालचें आहे, यावरून तो शौक येथें किती लवकर रुजला हें दिसेल. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूच्या काठ्या आल्या, १९५० सालीं अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला, आणि बांबूची काठी हळूहळू नित्य वापरांतून निघून संग्राहकाच्या कपाटांत गेली.

आतां अशा काठीचें वय कसें ठरवितात? मुख्य साधन म्हणजे कारखानदारांचीं जुनीं सूचिपत्रें. इंग्लंडांतील ॲनिक येथील हार्डी बंधूंची पेढी १८७२ सालीं निघाली. तिच्या सूचिपत्रांतून काठीचें नांव, लांबी, वजन, मूठ, सांध्याच्या नळ्या आणि किंमत यांची माहिती मिळते. एखादा नमुना कोणत्या वर्षाच्या सूचिपत्रांत प्रथम दिसतो आणि कोणत्या वर्षीं नाहींसा होतो, हें पाहिलें म्हणजे काठीच्या वयाला दोन कुंपणें मिळतात. वस्तूचे घटकहि साक्ष देतात. बेकेलाइटचा शोध १९०७ सालचा. तेव्हां मूळचाच बेकेलाइटचा भाग असलेली काठी त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. परंतु ती १९०७ चीच आहे, असें मात्र यावरून ठरत नाहीं. हा भेद बारीक आहे, आणि सारी नीति या बारीक भेदांतच आहे.

कारण सूचिपत्राचें साल हें काठीचें जन्मसाल नव्हे. दुकानांत पडून राहिलेला माल चार वर्षांनीं विकला गेला असेल; छापखान्यांतील जुनाच ठसा नव्या सूचिपत्रांत पुन्हा उमटला असेल; गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून मूठ निराळी बसविली असेल; मोडलेलें टोंक बदलून नवें घातलें असेल. म्हणून प्रामाणिक जाणता एक साल सांगत नाहीं. ‘या वर्षापासून त्या वर्षापर्यंत, आणि टोंक मागाहूनचें’ असें तो सांगतो. अशा उत्तरानें वस्तूची किंमत उतरते, आणि विकणाऱ्याचा मोह नेमका येथेंच जागा होतो.

यावर कोणी म्हणेल कीं, घेणारा हौशी, देणारा गरजू. दहा वर्षें इकडचीं तिकडे झालीं तर कोणाचें काय बिघडलें? घेणाऱ्याचे पैसे जास्त गेले, हें नुकसान उघडच आहे. परंतु त्याहून मोठें नुकसान पुढें होतें. आज खोट्या सालानें विकलेली काठी उद्यां दुसऱ्या काठीचें साल ठरविण्याचें माप बनते. पहिल्याचें असत्य दुसऱ्याच्या हातीं निर्मळ पुरावा म्हणून येतें, आणि तो बिचारा खरें बोलूं इच्छीत असूनहि खोटें बोलतो. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला तेव्हांपासून अस्सल कागदाचें महत्त्व महाराष्ट्राला नव्यानें सांगावें लागत नाहीं. बनावट मितीचा एक कागद आपल्यापुरताच खोटा राहत नाहीं. शेजारच्या दहा खऱ्या कागदांना तो संशयाच्या पंक्तीस बसवितो.

पण ज्या वस्तूला सूचिपत्रच नाहीं तिचें काय? माणदेशांतील म्हसवडचें घोंगडें घ्या. धनगराच्या मेंढ्यांची लोंकर, हातमागावरची वीण, चिंचोक्याची खळ. त्यावर ना कारखान्याचा शिक्का, ना अनुक्रमांक. त्याचें वय सांगणारें सूचिपत्र आपण कोठून आणणार? ‘आजीच्या लग्नांत घेतलेलें’ एवढाच काय तो दाखला. अशा वेळीं दोन चुका संभवतात. छापील पुरावा नाहीं म्हणून वस्तूस मोल नाहीं, ही एक. आणि पुरावा नाहीं म्हणून वाटेल तें वय सांगण्यास मोकळीक आहे, ही दुसरी. वय आणि योग्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हसवडजवळच्या राजेवाडीच्या तलावाचें काम १८७६-७७ च्या दुष्काळांत सुरू झालें, हें आपण सांगूं शकतों. पण त्या बांधावर माती वाहणाऱ्यांचीं नांवें आपल्या तोंडीं नाहींत. म्हणून त्यांचे श्रम कांहीं कमी खरे ठरत नाहींत. सूचिपत्रावरहि पेढीचें नांव असतें, पट्ट्या घासणाऱ्या हातांचें क्वचितच असतें.

घरांतली आठवण हाहि पुरावाच आहे. मात्र ती आठवण म्हणूनच सांगितली पाहिजे. ‘घरांत असें सांगतात’ हें वाक्य पूर्ण सत्य आहे. हे शब्द गाळले कीं तेंच वाक्य पुराव्यावांचून केलेली प्रतिज्ञा होते. मराठींतील ‘सुमारें’, ‘अदमासें’, ‘निदान’ हे शब्द पुष्कळांस ज्ञानाच्या दारिद्र्याची खूण वाटतात. वस्तुतः ज्याला आपण कोठपर्यंत पाहिलें हें ठाऊक आहे, तोच ते योग्य ठिकाणीं वापरूं शकतो.

वाचकांपैकीं प्रत्येकाच्या घरीं एखादी समई, एखादें भिंतीवरचें घड्याळ, एखादी पेटी अशी असेलच. तिच्यांत एक चिठ्ठी ठेवावी: ही कोणाकडून आली, तिच्याविषयीं कोणी काय सांगितलें, आपण स्वतः काय पाहिलें आणि दुरुस्ती केव्हां केली. वयाचा आंकडा त्या चिठ्ठींत नसला तरी चालेल. पुढच्या पिढीला त्या चिठ्ठीवर निःशंक विश्वास ठेवतां आला, तर वडिलोपार्जित वस्तूबरोबर आपण तिला आणखी एक चांगली वस्तु दिली असें होईल.